डिग्रीचा पेरा

बाबू,

तुह्या बाबानं काल बाजारात गाठलं मले. म्हणे पोरगं बीए झालं, आता अमरावतीले रूम करून तलाठीची तयारी करतो म्हणते, तुम्हीच समजवा. मी काय समजवणार, पण लिवतो, वाचून घे.

2021 मध्ये सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं, आठवते ना? मग जो तो सोयाबीनच पेरे, अन् 2024 ले हमीभाव 4,892 असूनही व्यापारी चार हजाराच्या आसपासच मागत होते. डिग्रीचंही असंच होते गड्या. सोयाबीन निदान साडेतीन महिन्यात निघते, डिग्रीले तीन वर्षं लागते.

आमच्या वेळी डीएड म्हणजे पक्की मास्तरकी. गावोगाव कॉलेजं निघाली, बापानं एकरभर वावर विकून पैसे भरले, अन् मी पास होऊन बाहेर आलो तोवर मास्तर भरतीची 2010 ची सीईटी परीक्षा होऊन गेलती, मग भरतीच आटली. कॉलेजवाल्याईले दिसत नव्हतं असं नाही, पण सीटा भरल्या का त्याईचं भागते, पोट्टे पुढं कुठं लागले हे कोण मोजते?

तलाठीचं सांगतो. 2023 च्या भरतीत जागा 4,644 अन् अर्ज दहा लाखाच्या वर, म्हणजे एका खुर्चीमागं दोनशेच्या वर पोट्टे. तयारी करू नको असं नाही म्हणत, पण किती वर्षं करतो ते आधीच ठरव अन् आईले सांगून ठेव, कारण क्लासवाला कधीच म्हणणार नाही का बाबू आता पुरे.

मास्तरकी हुकल्यावर मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, वजनकाट्यावर पावत्या लिवत होतो. 2017 ले जीएसटी आला, त्यात नोव्हेंबरात नियम निंघाला का शेतकऱ्याचा कापूस घेतला तर टॅक्स घेणाऱ्यानंच भराचा, आरसीएम म्हणतात त्याले, अन् ऐन हंगामात मालकाले हे समजणारा माणूस सापडेना. बीकॉम झालेले ढीगभर होते, पण कच्च्या पावतीवरून रिटर्न कसं भरतात हे कोणालेच येत नव्हतं. मी नागपूरले तीन महिने टॅली, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवाचं, शिकून आलो, त्याच्यावरच आजवर घर चालते. म्हणून तूही टॅली कर असं नाही हं, आता ते गल्लोगल्ली शिकवतात, तेही सोयाबीनच झालं.

तू फक्त एक काम कर. रूमचं डिपॉझिट भराच्या आधी आठ दिवस तालुक्यात फिर. कृषी केंद्र, सोलर पंप बसवणारे, दवाखाने, गोडाऊन, सगळ्याईले विचार का पगार द्याले तयार आहा पण माणूस भेटत नाही असं कोणतं काम आहे. नोकरी मागू नको, नुसतं विचार अन् वहीत लिव. मायाकडं सोलरवाला दर महिन्याले रडते, पंप बंद पडला का त्याले यवतमाळहून माणूस आणा लागते.

अन् दसऱ्यानंतर जिनिंग सुरू होईन, काट्यावर एक पोट्टं लागतेच, मालकाशी बोलून ठेवतो. येशील तर तोंडाले बांधाले दुपट्टा आण, रुई लय उडते.

तुहा काका