रंगकाम: वाचकांचे प्रश्न

या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आलेत आणि त्यातले बरेच ओलीचे आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिलीय.

प्रश्न: भाऊ, यंदा श्रावणात आमच्याकडे कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसणार आहे, सगळे भाऊबंद येतील, म्हणून घर रंगवायचंय. पण देवघराची भिंत खालून दोन-तीन फूट दरवर्षी सुटते, पोपडे पडतात, पांढरं मीठ फुटतं. दोनदा वॉटरप्रूफ पेंट मारून झाला. आता कोणता मारू? (अमळनेर)

उत्तर: दादा, त्या भिंतीला आत्ता कोणताच नको. भिंत खालून सुटतेय आणि वर कोरडी आहे म्हणजे पाणी जमिनीतून चढतंय, जुन्या बांधकामात जोत्याला डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा, थर बहुतेक ठिकाणी नसतोच, मग विटा पाणी ओढतात, पाण्याबरोबर मातीतले क्षार वर येतात, पाणी हवेत उडून जातं आणि क्षार प्लास्टरच्या तोंडाशी साठून पुट्टीला आणि रंगाला आतून ढकलतात. तुम्ही वरून वॉटरप्रूफ मारला की ओलीला बाहेर पडायची वाट बंद, ती मग आणखी वर चढते. टाइल लावल्या तरी तेच होतं, टाइलच्या वरच्या पट्ट्यात पोपडे दिसायला लागतात.

आधी घराबाहेर जाऊन बघा. आपल्याकडे गल्लीगल्लीत रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत गेलेत आणि घराचं जोतं रस्त्याच्या खाली गेलंय, पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं, त्यात पन्हाळीचं पाणी तिथेच पडतं नाहीतर मोरीचा पाइप तिथूनच जातो. हे सुटलं नाही तर आत कितीही महागडं मटेरियल लावा, उपयोग नाही. आणखी एक साधी टेस्ट करा, भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब जमले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूने जमले तर खोलीत हवा खेळत नाहीये.

पक्कं काम करायचं तर ओलीच्या रेघेच्या वर फूटभर जाऊन प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे (पाण्याने धुतले तर परत भिंतीत जातात), भिंत नीट सुकू द्यायची, मग वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेलं प्लास्टर करायचं आणि बाहेरून पाणी लांब जाईल असा उतार काढायचा. नवीन प्लास्टरवर पाणी मारून ते मुरू द्या आणि साधारण महिनाभर रंगाचं नावसुद्धा काढू नका, ताज्या सिमेंटचा क्षारीपणा रंगाला जाळतो. हे सगळं भर पावसात होत नाही, फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडे हवा कोरडी असते, तेव्हा करा. आत्ता कानबाईसाठी त्या भिंतीचे पोपडे खरवडा, क्षार झाडा आणि चुन्याचे दोन हात मारा, स्वच्छ पांढरी दिसेल आणि भिंतीचा श्वासही चालू राहील. बाकीच्या कोरड्या भिंतींना इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) खुशाल मारा, फक्त पावसाळ्यात दोन हातांच्या मधे चार तासांऐवजी पूर्ण दिवस जाऊ द्या, पंखा-खिडक्या चालू ठेवा आणि काम रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या सणाच्या, निदान आठ-दहा दिवस आधी संपवा.

प्रश्न: मे महिन्यात लग्न आहे, बाहेरून रंग द्यायचाय. भुसावळचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. चालेल का? (भुसावळ)

उत्तर: चालेल, पण सावली धरून. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि तापलेल्या भिंतीला तर हात लावता येत नाही. अशा भिंतीवर रंग लावला की त्यातलं पाणी लगेच उडतं, रंगाला पसरून जोडायला वेळच मिळत नाही, मग ब्रशचे पट्टे दिसतात आणि वर्षभरात खडूसारखी पावडर हाताला लागते. म्हणून पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपार उतरल्यावर घ्या. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावायच्या आधी भिंतीवर पाणी मारा, कोरड्या तापल्या भिंतीवर ती धरत नाही. रंग घट्ट वाटतो म्हणून पेंटर जास्त पाणी घालत असेल तर थांबवा, डब्यावर लिहिलंय तेवढंच. आणि दुपारी बारा ते चार त्या माणसांना परांचीवर चढवू नका हो, दोन दिवस काम लांबलं तरी चालेल.

प्रश्न: लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. तिची खोली रंगवायची, दारं-खिडक्या पण घासून ऑइल पेंट मारायचेत. वासाचा काही त्रास? (शिरपूर)

उत्तर: ताई, ती यायच्या महिनाभर आधी सगळं उरका. वासापेक्षा मला त्या जुन्या दारांची काळजी वाटते. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको असा नियम २०१६ साली आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या ऑइल पेंटमधे शिसं भरपूर असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर घासला की ती धूळ जमिनीवर, गादीवर बसते आणि शिसं पोटातल्या बाळाला आणि रांगत्या मुलाला फार वाईट. रंग घट्ट बसलेला असेल तर पूर्ण काढूच नका, वॉटर पेपरने ओलं घासून वरून हात मारा. ब्लो लॅम्पने जाळायचा तर अजिबात नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका, आणि घासणाऱ्याला चांगला मास्क द्या. भिंतींना कमी व्हीओसीचं (हवेत उडणारी रसायनं कमी असलेलं) इमल्शन घ्या.

प्रश्न: ठेकेदार सांगतो वीस लिटर लागेल. एकच खोली आहे, १० बाय १२ ची. खरं का? (चोपडा)

उत्तर: आपणच हिशोब करू. उंची १० फूट धरली तर चार भिंती ४४० स्क्वेअर फूट, छत १२०, झाले ५६०, दार-खिडकी वजा जाता ५०० धरा. चांगल्या पुट्टी-प्रायमरवर इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ६० फूट जातं, म्हणजे आठ-नऊ लिटर. भिंत खडबडीत असली किंवा गडद रंगावर फिका द्यायचा असला तर थोडा जास्त, पण वीस नाही. लेबर रेट वेगळा आणि मटेरियल वेगळं ठरवा, किती हात, प्रायमर कोणता, पुट्टी कोणती हे कागदावर घ्या, बादलीचं सील समोर फोडायला सांगा. बादलीत कंपनीने टाकलेलं बक्षिसाचं टोकन पेंटरला मिळतं ही रीतच आहे, त्यावरून वाद नको, फक्त टोकनसाठी जास्त बादल्या येत नाहीत ना एवढं बघा. आणि घासण्या-भरण्याच्या दिवसांची मजुरी कापू नका, तिथे कापलेले पैसे पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर दिसतात.

प्रश्न: गावाकडे धाब्याचं मातीचं घर आहे. मुलं म्हणतात प्लास्टिक पेंट मारू. (पारोळा)

उत्तर: नका मारू. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, प्लास्टिक पेंटने ती आत कोंडते आणि भिंतीची खपली मातीसकट निघते. चुनाच बरा, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो आणि तरी भिंत मोकळी राहते. कळीचा चुना लोखंडी ड्रममधल्या पाण्यात थोडा थोडा सोडा, पाणी उकळतं, म्हणून पोरांना लांब ठेवा आणि डोळ्याला चष्मा लावा. रात्रभर मुरवून कापडाने गाळा, थोडा सरस आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत ओलसर करून पातळ तीन हात द्या, जाड एक हात दिला तर सुटतो.