नळीचं दूध, रात्रीची लाईन आणि आईची झोप

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा नाही. नाकातून पोटात घातलेल्या नळीने दूध, अधूनमधून झटके, लाळ ओढायला सक्शन मशीन. रात्री दहा, बारा, दोन, चारला दूध, तीनला झटक्याचं औषध, आणि मधे श्वास चालू आहे ना ते बघायला उठणं. शेतीची लाईन रात्रपाळीची आली की नवरा ओलिताला वावरात. सासूबाई म्हणतात, "मले नाही जमत ते. काही झालं तं नाव माह्यं होईन." गेल्या महिन्यात दूध सोडता सोडता ताईंचा डोळा लागला, लेकरू उशीवरून घसरलं, जोराचा ठसका लागून ओठ निळे पडले. मूल सावरलं. "मी आई म्हणून कमी पडते का?" असं त्या विचारतात. आणि शेवटच्या ओळीत लिहितात, "कधी वाटतं, आम्ही दोघंही सकाळी उठूच नये."

ताई, आधी या शेवटच्या ओळीबद्दल. ती आज घरातल्या एका माणसाला मोठ्याने सांगा, नवऱ्याला किंवा बहिणीला. आणि १४४१६ ला फोन करा. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. असा विचार मनात घट्ट बसू लागला तर रात्री एकट्या राहू नका, कोणाला तरी उठवा.

तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. दर दोन तासांनी मोडलेली झोप महिनोन्‌महिने चालली की कोणाचाही हात चुकतो, परिचारिकेचासुद्धा. म्हणून दवाखान्यात पाळ्या असतात. आधी उठण्याची कारणं कमी करायची, मग उरलेली वाटून घ्यायची.

दूध दर दोन तासांनी द्यायचं हे बहुधा डिस्चार्जच्या कागदावर आलं आणि तसंच राहिलं. बालरोगतज्ज्ञांना सरळ विचारा: रात्रीचं दूध दिवसात वाटता येईल का? शेवटचं साडेदहाला आणि पहिलं साडेपाचला चालेल का? मुलाचं वजन आणि आधी कधी साखर कमी झाली होती का, हे बघून ते ठरवतील. स्वतःहून बदलू नका, पण विचारायला अजिबात संकोच करू नका. औषधाचंही तसंच. दिवसातून दोनदा द्यायचं असेल तर ते सकाळी आठ आणि रात्री आठला बसवता येतं का, विचारा. आणि गोळी कुटून नळीतून देत असाल तर तेही सांगा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांच्याऐवजी सिरप मिळतं का ते बघता येतं.

आता ठसक्याकडे. तो बहुतेक वेळा दोन कारणांनी लागतो: नळी जागेवर नसते, किंवा मूल आडवं होऊन दूध वर येतं. नळी नाकपुडीशी जिथे असते तिथे पक्क्या पेनाने खूण करा. प्रत्येक दुधाआधी ती खूण जागेवर आहे का ते बघा आणि सिरिंजने दोन-तीन मिली पाणी पोटातून ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर, टाका. ५.५ किंवा त्याहून कमी आलं तर दूध द्यायला हरकत नाही. मागच्या दुधानंतर तासाभराच्या आत ही तपासणी केली तर आकडा चढा येतो, आम्लपित्ताच्या औषधानेही येतो. असं वारंवार होत असेल तर तुमच्या मुलासाठी काय धरायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. काहीच ओढलं गेलं नाही तर मुलाला डाव्या कुशीवर करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघा. हवा सोडून पोटावर कान लावणं किंवा नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं, या दोन्हींवर विसंबू नका. फुप्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देऊ शकते.

डोक्याखाली नुसत्या उशा रचल्या की मान वाकते, पोट दबतं आणि मूल खाली घसरतं. उतार कमरेपासून हवा. पाठीपासून डोक्यापर्यंतची लांबी साठ सेंटीमीटर असेल तर डोक्याकडे तीस सेंटीमीटर उंची दिली की तीस अंशांचा उतार मिळतो. घड्या केलेल्या गोधड्या गादीच्या वर नाही, गादीच्या खाली घाला. गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवा, तिने घसरणं थांबतं. सिरिंजचा दट्ट्या काढून दूध आपोआप उतरू द्या, वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. नंतर पाच-दहा मिली उकळून गार केलेलं पाणी सोडा आणि निदान अर्धा तास तोच उतार ठेवा. बाजेवर पाठ टेकून दूध सोडायचं नाही. स्टुलावर बसा, दिवा लावा. खोकला आला किंवा रंग बदलला तर लगेच नळी चिमटा आणि दूध बंद करा. त्या रात्रीनंतर ताप, धाप किंवा नवा खोकला असेल तर छातीचा फोटो काढून घ्या.

नळी महिना-दीड महिन्याहून जास्त लागणार असेल तर थेट पोटावरून बसवायच्या नळीचा, म्हणजे गॅस्ट्रोस्टॉमीचा, विचार करतात. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा एम्सला बालशल्यचिकित्सकांकडे हा प्रश्न घेऊन जा. आमच्या मते तुमच्या घरात रात्रीचा सगळ्यात मोठा फरक याने पडेल.

सक्शन दूध दिल्यावर लगेच करू नका, उलटी होते. झोपण्याआधी एकदा करा. एका वेळी दहा सेकंदांच्या आत, दाब मशीनच्या काट्यावर १०० ते १२० mmHg च्या पुढे नको, आणि फक्त तोंडातली लाळ. सारखं ओढत राहिलं की आतलं कातडं सोलतं आणि लाळ आणखी वाढते. रोज संध्याकाळी नळीचं टोक बोटाने बंद करून काटा चढतो का बघा. चढत नसेल तर बहुधा बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं किंवा रबर फाटलेलं असतं. लाईट जाते म्हणून पायाने दाबायचा पंप घरात ठेवाच.

सासूबाईंना नळीला हात लावायला सांगू नका. त्यांची भीती खरी आहे, आणि दूध साडेदहाला संपलं तर नळीचं काम उरतच नाही. त्यांनी कुशीवर ठेवायचं, लाळ पुसायची, चार गोष्टी दिसल्या की तुम्हाला उठवायचं: ओठ निळे, झटका, उलटी, नळी बाहेर. हे आधी दिवसा तुमच्यासमोर तीन-चारदा करवून घ्या, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. "तुमचं काम फक्त उठवायचं" असं स्पष्ट सांगितलं तर नाव येण्याची भीती कमी होईल. लाईन दिवसाची असेल तेव्हा अकरा ते तीन नवऱ्याने जागायचं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात तो वेळ सासूबाईंचा, मग तुम्ही मुलाशेजारीच, पण झोपून. त्या आठवड्यात दुपारी दोन तास मुलाला नवऱ्याने सांभाळायचं, हे आधीच ठरवून घ्या.

झटका आला तर कुशीवर करा आणि घड्याळ बघा. तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटं झाली की डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा द्या आणि १०८ ला फोन करा. तो अजून लिहून दिला नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या. पांदण रस्ता पावसात बंद होत असेल तर गावातली कोणाची गाडी निघेल हे आत्ताच बोलून ठेवा. नळी मध्यरात्री निघाली तर घाबरून पुन्हा घालू नका, दूध सकाळपर्यंत थांबू शकतं का हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. झटक्याचं औषध चुकणार असेल तर मात्र लगेच फोन करा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव नोंदवा, सेरेब्रल पाल्सीसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा संरक्षण मिळतं. अर्ज कुठे भरायचा ते जिल्हा रुग्णालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात विचारा.