वडिलांच्या अंडकोषाला सूज आणि काळा डाग आहे, ऑपरेशन टाळता येईल का?

नाही, टाळता येणार नाही, आणि सकाळपर्यंत थांबूही नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जुनी शुगर आहे, दोन दिवस सूज आणि ताप आहे, आज कातडीवर काळा डाग दिसला, आणि गळू समजून गोळ्या चालू आहेत. मी सर्जन आहे. हे ऐकून मला फोर्नियर गँगरीनची, म्हणजे गुप्तांगाजवळची कातडी आणि तिच्याखालचे थर झपाट्याने सडवणाऱ्या जंतुसंसर्गाची शंका येते, आणि या आजारात नुसती शंकाही धावपळ करायला पुरेशी आहे.

वरून डाग रुपयाएवढा दिसतो, पण जंतू कातडीखालच्या पडद्याच्या थरातून पसरतात, कधीकधी तासातासाला, पार पोटाच्या भिंतीपर्यंत. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठलं की वरची कातडी मरते. म्हणजे काळं दिसेपर्यंत आत बरंच सडलेलं असतं. दिसतंय त्यापेक्षा दुखणं फार जास्त असेल, घाण वास येत असेल किंवा दाबल्यावर कातडीखाली हवा कुरकुरत असेल, तर शंका आणखी पक्की. पण कुरकुर नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

रक्ताच्या तपासण्या होतील, सीटी स्कॅनमध्ये हवा दिसू शकते. मात्र पेशंट खालावत असेल तर स्कॅनसाठी कुणी थांबू नये. खरं निदान ऑपरेशनच्या टेबलावरच होतं. छेद घेतला की रक्त जेमतेम येतं, राखाडी, गढूळ पाणी येतं, आणि एरवी घट्ट चिकटलेले थर नुसत्या बोटाने सुटे होत जातात. तिथे मेलेलं सगळं काढावं लागतं. अँटिबायोटिक शिरेतून लगेच सुरू करतात, पण रक्तपुरवठाच तुटलेल्या भागात औषध पोचणार कसं? म्हणून नुसत्या औषधांवर हा आजार हटत नाही. एक-दोन दिवसांत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन तपासतात, तेव्हा घाबरू नका, ते ठरलेलंच असतं.

वडिलांना भीती वाटत असेल तर सांगा की अंडकोष बहुधा वाचतात, कारण त्यांचा रक्तपुरवठा वेगळा, थेट पोटातून येतो. पुढे जखम भरायला आठवडे लागतात, बऱ्याचदा कातडी लावावी लागते. आजार जिवावरचा आहे हे लपवत नाही: अनेक अहवालांत 20 ते 40 टक्के रुग्ण दगावलेत, आणि उशीर झाला की धोका वाढतो.

शुगरच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये नेमका याच आजाराचा इशारा दिला होता. असली तर डॉक्टर ती थांबवून इन्सुलिन देतील. ज्या हॉस्पिटलमध्ये नेणार तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ, आयसीयू आणि रक्ताची सोय आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा.