आजीची सुई आणि आत्याचं वचन

“ताई, मी 27 वर्षांची आहे. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी करते. घर मिरजेजवळच्या गावात, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आजीला इन्सुलिन चालू आहे. मागच्या महिन्यात बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने तिच्यासाठी प्रार्थना केली आणि आत्या म्हणाली, ‘विश्वास आहे ना, मग सुई कशाला?’ आजीने इन्सुलिन बंद केलं. मला कळल्यावर मी मंगळवारच्या प्रार्थना सभेत, सगळ्या बायकांसमोर आत्याला बोलले, ‘दहावी नापास माणसांनी डॉक्टरकी करू नये.’ ती रडत म्हणाली, ‘जगाचं ज्ञान देवाला मूर्खपण आहे.’ रविवारी पाळकसाहेबांनी त्याच वचनावर उपदेश केला. आजीने माझ्या धाकाने दोन दिवस सुई घेतली, परत सोडली. माझी पीएच.डी.ची ॲडमिशन झालीय. पप्पा म्हणतात, आधी आत्याची माफी माग. मी शिकले हे पाप केलं का? चर्च सोडून देऊ का?”

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नांकडे येते, पण आधी आजी. हे वाचशील त्याच दिवशी घरी फोन कर आणि तिची साखर तपासून घ्यायला सांग. आकडा डॉक्टरांना कळवा आणि डोस त्यांनाच ठरवू द्या. मध्ये इतके दिवस गेल्यावर जुनाच डोस आपल्या मनाने सुरू करू नका. फ्रिजच्या दारात अर्धी वापरलेली बाटली असेल तर ती टाकून द्या, उघडलेलं इन्सुलिन साधारण 4 आठवडेच चालतं. उलट्या, ग्लानी, जोरजोरात श्वास, न भागणारी तहान यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की उपासनेची वेळ, तिला थेट दवाखान्यात न्या. यात कुणाची मर्जी राखायची नाही. आत्याची नाही, पाळकसाहेबांची नाही आणि आजीची समजूत निघण्याचीही वाट बघायची नाही.

आता ते वचन. ते बायबलमध्ये, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. करिंथ हे बंदराचं, पैशाचं गाव. तिथे चांगला बोलणारा माणूस आजच्या नटासारखा मिरवत असे आणि त्याचे चेले एकमेकांशी भांडत. तीच खोड मंडळीत शिरली. तिथे पुढारी वाटून घेतले गेले. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोसाचा, कोणी मी केफाचा. त्या भांडणावर पौल लिहितो आहे. क्रुसावर मेलेला तारणारा हा त्या हुशार लोकांना वेडेपणा वाटत होता आणि आपल्या हुशारीच्या जोरावर देव आपल्याला गवसेल असं त्यांना वाटत होतं. पौल त्या घमेंडीला मूर्खपण म्हणतो. औषधाला नाही, शाळेला नाही. तो स्वतः गमलिएल या नावाजलेल्या यहुदी गुरूच्या पायाशी बसून शिकलेला माणूस. अथेन्सला गेला तेव्हा ग्रीकांच्याच कवींची ओळ घेऊन ग्रीकांशी बोलला. त्याच्या सोबत्यांमध्ये लूक होता, आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने ‘वैद्य’ म्हणून करतो. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याचं पोट वारंवार बिघडायचं, तर त्याला त्याने ‘विश्वास कमी पडतोय’ असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घेत जा असं लिहिलं.

आणि आत्याला सांगायला माझ्याकडे याहून जवळची गोष्ट आहे, जुन्या करारातल्या हिज्कीया राजाची. तो मरायला टेकला होता. यशया संदेष्ट्याने देवाचा निरोप आणला की तू बरा होशील, तुझ्या आयुष्यात 15 वर्षं वाढवली आहेत. यापेक्षा मोठं वचन कुठल्या आजाऱ्याला मिळणार? तरी पुढच्याच ओळीत यशया सांगतो, अंजिरांचा लेप आणा, गळवावर लावा. तो लावला आणि राजा बरा झाला. वचन देणारा देवच होता आणि लेप लावायला सांगणाराही त्याचाच संदेष्टा. तुमच्या मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, ते याच श्रद्धेतून. ते बांधणाऱ्यांना प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत भांडण दिसलं नव्हतं.

तेव्हा शिकलीस हे पाप नाही. पीएच.डी. कर, अगदी मन लावून कर.

इथेच पत्र संपवलं असतं तर तू खूश झाली असतीस. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं: ‘दहावी नापास माणसांनी’.

आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक अडचण आहे. नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे, आणि ग्रीकमध्ये सोफिया आणि ग्नोसिस असे दोन शब्द आहेत. एक जगावं कसं याचं शहाणपण, दुसरा माहिती असणं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दोन्हींना ‘ज्ञान’च म्हटलंय. त्यामुळे ‘जगाचं ज्ञान’ ऐकलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे कॉलेज येतं. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय मात्र नीट वाच. तिथे तो ऐहिक शहाणपण आणि वरून येणारं शहाणपण असे दोन भाग करतो, आणि त्यात शाळा, पुस्तकं, विद्वान कुठेच नाहीत. अध्यायाची सुरुवातच मंडळीत शिकवणाऱ्यांना इशारा देऊन होते. मत्सर, कडवटपणा, मी वर तू खाली, हे जिथे आहे ते ऐहिक. मग ते बोलणाऱ्याच्या हातात शास्त्र असलं तरी ऐहिकच. वरून येणारं शहाणपण शुद्ध असतं, सौम्य असतं, दयेने भरलेलं असतं आणि दुसऱ्याचं ऐकून घेतं.

या मापाने त्या मंगळवारची सभा मोजून बघ. आत्याने एका म्हाताऱ्या बाईला तिच्या श्रद्धेची परीक्षा द्यायला लावली. हे दयाळूपणाचं नव्हतं, वचन तोंडात असूनही नव्हतं. आणि तू खरी माहिती घेऊन तिथे गेलीस आणि तिचा दगड केलास. तुमच्या दोघींत इन्सुलिनबद्दल तू बरोबर होतीस, शंभर टक्के. पण त्या खोलीत वरचं शहाणपण कोणाकडेच नव्हतं असं मला वाटतं, आणि त्याची किंमत आजी देते आहे. दोन दिवस तुझ्या धाकाने घेतलेली सुई तिसऱ्या दिवशी सुटली ती उगीच नाही.

हे लिहिताना मला राहून राहून पंडिता रमाबाई आठवतात. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, तेव्हा त्या विशीत होत्या. एवढी विद्या असलेल्या बाईने पुढे केडगावला दुष्काळातल्या अनाथ मुली, विधवा सांभाळल्या. मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, आणि तेही विद्वानांनी मान डोलवावी म्हणून अवघड मराठीत नाही. नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळावं अशा सोप्या मराठीत. 1922 मध्ये त्या गेल्या, त्याच्या आधी काम पूर्ण झालं होतं. त्यांनी विद्या सोडली नाही. जिला अक्षर येत नव्हतं तिच्या शेजारी ती नेऊन ठेवली. तुझ्या आत्याची दहावी का राहिली, हे तुला माहीत आहे का? आपल्या समाजात तिच्या वयाच्या किती मुलींची शाळा भावांच्या फीसाठी सुटली, हे मी शिक्षिका म्हणून डोळ्यांनी पाहिलंय.

माफीचं म्हणशील तर माग, पण पप्पा म्हणतात तशी सरसकट नको. इन्सुलिनबद्दल माफी मागायचीच नाही. आत्याकडे एकटी जा आणि म्हण, ‘आत्या, तुझ्या शिक्षणावरून मी सगळ्यांसमोर बोलले, ते चुकले. सुईचं मात्र मी खरं सांगितलं आणि परत सांगेन.’ आणि पुढच्या मंगळवारी त्याच बायकांसमोर पहिलं वाक्य पुन्हा बोल, कारण अपमान तिथे झाला होता. पाळकसाहेबांना वेगळं भेट. हिज्कीयाचा उतारा उघडून त्यांच्यापुढे ठेव आणि विनंती कर की औषध बंद करू नका हे त्यांनी वेदीवरून एकदा स्पष्ट सांगावं. ते नाही म्हणाले तर मला पुन्हा लिही, मग चर्चचं बोलू. एका उपदेशावरून चार पिढ्यांची मंडळी सोडायची घाई मी करणार नाही.

शलमोन राजाला देव म्हणाला, हवं ते माग. त्याने जे मागितलं त्याचा हिब्रूतला शब्दशः अर्थ होतो ‘ऐकणारं मन’. तुझं पूर्ण पत्र मी पुन्हा चाळलं. आत्या काय म्हणाली ते त्यात आहे, पाळकसाहेब काय म्हणाले, पप्पा काय म्हणाले, तू काय म्हणालीस, सगळं आहे. आजीचं एकही वाक्य नाही. तिला सुई का नकोशी झाली? पोट टोचून टोचून दुखतं का? सिरिंजवरच्या रेघा दिसेनाशा झाल्यात आणि सांगायची लाज वाटते का? महिन्याचा खर्च तिच्या डोक्यात घोळतो का? की ती नुसती थकलीय? शनिवारी गावी गेलीस की तिच्याजवळ बस, तिच्यासोबत प्रार्थना कर आणि हे तिला विचार. मग गप्प राहा, ती बोलेपर्यंत.

तुझी,
ताई