पैसा माझा आहे, मग एक कोटीच्या फंडात का जाऊ नये?

‘आयुष्यभर कमावलेला पैसा माझा. तो कुठल्या फंडात घालायचा हे मी का ठरवू नये?’ निवृत्तीनंतर १ कोटी ३० लाख हाती आलेल्या, पेन्शन नसलेल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. पत्नीची काळजी वेगळी होती: दरमहा ५५ हजारांचा घरखर्च कुठून निघणार? बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने त्यांना कंपन्यांना कर्ज देणारा एक एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंड, सुचवला होता. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या, वर्गवारीत श्रेणी दोनचा.

ठरवायचा हक्क त्यांचाच, हे आम्ही आधी स्पष्ट सांगितलं. एआयएफसाठी सेबीची किमान १ कोटीची अट आहे. ती रक्कम आहे का एवढंच पाहते. ती घातल्यावर घरात काय उरतं, हे पाहत नाही.

उरणार होते ३० लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी त्यांचे तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. बाकीचे साडेचौतीस हजार फंडाने वेळेवर द्यायला हवेत, आणि तशी हमी फंडाच्या प्लेसमेंट मेमोरँडममध्ये, म्हणजे अटी सांगणाऱ्या कागदपत्रात, कुठेही नव्हती.

मग ते कागद ओळीनं वाचले. पैसे एकदम भरायचे नव्हते. आधी २५ लाख, उरलेले फंड मागेल तेव्हा. हप्ता चुकला तर दंडव्याज, पुढे युनिट्स, म्हणजे फंडातले आपले हिस्से, जप्त. व्यवस्थापन शुल्क २ टक्के, पण भरलेल्या रकमेवर नव्हे, कबूल केलेल्या पूर्ण १ कोटीवर! १८ टक्के जीएसटी धरून वर्षाला २ लाख ३६ हजार. पहिले २५ लाखच कामाला लागले असतील, तर त्यांच्यावर हा बोजा जवळजवळ साडेनऊ टक्के होतो. इथे सर, म्हणजे ते गृहस्थ, गप्प झाले.

मुदत ५ वर्षांची. मूल्याने दोन-तृतीयांश युनिटधारकांनी होकार दिला, तर आणखी २ वर्षे. ‘मध्येच विकता येतील’ असं मॅनेजर म्हणाला होता. कागदावर ते खरं, पण गिऱ्हाईक आपणच शोधायचं आणि ते भाव पाडूनच मागणार. रोज पैसे काढता येणाऱ्या फंडांनाही हा धोका असतो. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने सहा डेट योजना, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या योजना, गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, कारण कमी पतीच्या रोख्यांना खरेदीदार मिळेनात. पैसे नंतर टप्प्याटप्प्यानं मिळाले. पण त्याच महिन्यात ज्यांना हवे होते, ते अडकले.

‘म्हणजे जोखीम घ्यायचीच नाही का?’ घ्यावी, झेपेल तेवढी. १ एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंड कंपन्यांना स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड आणता येतात. एका पॅनवर त्या कंपनीच्या अशा सर्व योजनांत मिळून किमान १० लाख लागतात. इथे मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंत भाव घसरण्यावरही डाव लावता येतो, तेव्हा अंदाज चुकला तर वाढत्या बाजारातही तोटा होतो. पैसे काढायला काही योजनांत १५ कामकाजी दिवसांपर्यंत आधी नोटीस द्यावी लागते. आणि थोडेच पैसे काढून शिल्लक १० लाखांखाली नेली, तर युनिट्स गोठवतात. ३० दिवसांत भर घातली नाही, तर उरलेलीही विकून टाकतात.

सरांनी आधी बचत योजनेतले ३० लाख आणि तीन वर्षांच्या खर्चाची तूट बाजूला काढली, मग अशा एका स्पेशलाइज्ड फंडात १२ लाख घातले. एआयएफच्या अर्जावर सही केली नाही. मॅनेजरला मात्र कमिशन किती, हे लेखी विचारायला आम्ही सुचवलं: श्रेणी दोनमध्ये वितरकाला, म्हणजे फंड विकून देणाऱ्याला, एकूण कमिशनच्या एक-तृतीयांशापर्यंत रक्कम सुरुवातीलाच मिळू शकते, आणि वितरकाविना थेट प्लॅन घेण्याची सोय फंडाने द्यावीच लागते.