शेतावरची विक्री, शाळांच्या सहली आणि तहसीलदारांची नोटीस

प्रश्न : पुरंदर तालुक्यात माझी तीन एकर अंजीर-सीताफळाची बाग आहे. दर रविवारी बागेतच फळे आणि घरी केलेला जॅम विकतो. शाळांच्या सहलीही येतात. मुलांच्या जेवणासाठी पत्र्याची शेड आणि स्वच्छतागृह बांधले आहे. आता विनापरवाना अकृषिक वापराची नोटीस आली असून बाजार समितीही सेस मागते आहे. कायदा माझ्या बाजूने आहे का?

उत्तर : स्वतःच्या फळांच्या विक्रीपुरता निश्चित आहे, जॅम, शेड आणि सहलींबाबत तो आपोआप आपल्या बाजूने येत नाही. म्हणून ‘हे सगळे शेतीच आहे’ असे सरसकट उत्तर देऊ नका. त्याने आपली भक्कम बाजूही दुबळी होईल.

महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ च्या कलम ६ मध्येच शेतकऱ्याने स्वतःचा माल विकणे, किरकोळ विक्री आणि घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला केलेली विक्री परवान्याच्या बंधनातून वगळली आहे. शिवाय २०१६ पासून बाजार आवाराबाहेर फळे व भाजीपाला नियमनमुक्त, म्हणजे बाजार समितीच्या नियंत्रणाबाहेर आहे. तेव्हा सेस कोणत्या कलमाखाली मागितला, हे समितीला लेखी विचारा. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम १८ नेही शेतकऱ्याने शेतपातळीवर पिकवलेला माल त्या कायद्याबाहेर ठेवला आहे. मात्र ही सूट स्वतः पिकवलेल्या मालाला आहे. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरून होणाऱ्या पीक नोंदीत) अंजीर आणि सीताफळाची नोंद चढली आहे ना, हे आजच पाहा. तेथे अजून जुनी बाजरीच लागलेली असेल, तर झाडे समोर उभी असूनही कागद आपल्या विरुद्ध जाईल. शेजाऱ्याची फळे विकायला ठेवली, जॅम केला किंवा मुलांना जेवण दिले, तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी टाळता येणार नाही.

नोटिशीचा खरा रोख शेडवर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अवजारे, खत, वैरण व शेतमाल ठेवण्यासाठीचे बांधकाम ‘शेत इमारत’ ठरते आणि कलम ४१ च्या मर्यादेत ते करता येते. सहलीचे जेवणघर त्यात बसवणे मला अवघड दिसते. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा अर्ज करा आणि त्याची प्रत उत्तरासोबत जोडा. तरीही केवळ नोंदणीने बांधकामाचा प्रश्न मिटला असे समजू नका.

आपण विचारले नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी मुलांची वाटते. अमेरिकेतील अनेक राज्यांत कृषी पर्यटनातील अंगभूत धोक्यांसाठी शेतमालकाची जबाबदारी मर्यादित करणारे कायदे आहेत; महाराष्ट्रात तसा कायदा नाही. पालकांकडून संमतीपत्र घेतले, तरी आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्यातून सुटत नाही आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलाला स्वतः करार करता येत नाही. विहिरीला कठडा, शेततळ्याला कुंपण आणि सार्वजनिक दायित्व विमा (पाहुण्यांना इजा झाल्यास भरपाईचा विमा) हे तिन्ही झाल्याखेरीज पुढची सहल घेऊ नका.

उत्तर मुदतीच्या आत द्या, स्थळ पाहणीच्या पंचनाम्याची प्रत मागा आणि समक्ष म्हणणे मांडण्याची संधी लेखी मागून घ्या. हे उत्तर तहसील कार्यालयाच्या आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नका.