मलकालला निघण्याआधी

रामबाग, इंदूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझी नेमणूक दक्षिण सुदानमधल्या मलकालला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत झाल्याचं आईकडून कळलं. तिला धास्ती, बाबांना अभिमान, आणि दोघांनी मिळून मला गळ घातली की तुम्हीच चार गोष्टी सांगा. सांगतो, पण मी पडलो लष्करातला रसदवाला. राजकारण तू माझ्यापेक्षा जास्त वाचलंयस. मी पीठ, डिझेल, तंबू आणि याद्या यांच्यापलीकडे फारसा जाणार नाही.

इथे महूत कुणाही जुन्या अधिकाऱ्यापाशी बस, तो तुला ऑपरेशन खुकरी ऐकवेल. सिएरा लिओनमध्ये कैलाहूनला आपले गोरखा जवान दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात अडकले होते आणि जुलै २००० मध्ये जनरल जेटलींच्या नेतृत्वाखाली ते वेढा फोडून बाहेर आले. अभिमानानेच सांगावी अशी गोष्ट आहे. पण तिथली लढाई खऱ्या अर्थाने थांबली ती पुढच्या दीड वर्षात, जानेवारी २००२ पर्यंत पंचाहत्तर हजारांवर माणसांनी रांगेत उभं राहून शस्त्रं खाली ठेवली तेव्हा. ती गोष्ट मेसमध्ये कोणी सांगत नाही. रांगेची गोष्ट रंगत नाही, दुसरं काय!

तुझं काम मात्र रांगेशीच आहे. दक्षिण सुदानचा आत्ताचा करार सप्टेंबर २०१८चा. त्याआधी डिसेंबर २०१३ पासूनची यादवी. करारात ठरलेली निवडणूक आधी २०२२ला होणार होती, मग २०२४, आता डिसेंबर २०२६. दोन्हीकडच्या लढवय्यांमधून ८३,०००ची एक सेना उभी करायची होती. माणसं छावण्यांत आली आणि बसून राहिली. पहिली तुकडी तयार होऊन निघाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि कवायतीला कित्येकांच्या हातात लाकडाच्या बंदुका. मार्च २०२५ मध्ये तर करारातल्या एका मुख्य पक्षाचे नेते आणि देशाचे तेव्हाचे प्रथम उपाध्यक्ष (उपाध्यक्षांमध्ये सर्वात वरचे) रिएक माचार नजरकैदेत गेले. म्हणजे करार कागदावर आहे, पण त्याच्या भरवशावर ज्यांनी वाट बघायची, त्यांचा धीर सुटत चाललाय. तू जिथे जातेयस तिथली खरी परिस्थिती ही आहे. दिल्लीतल्या प्रशिक्षणात नकाशे आणि बाण दाखवतील, तेही नीट बघ. पण छावणीत माणूस किती दिवस बिनकामाचा बसलाय, त्याला शेवटचं धान्य कधी मिळालं आणि त्याच्या घरचे कुठे आहेत, हे तीन प्रश्न तू जिथे जाशील तिथे विचार. करार तुटणार की टिकणार याचा अंदाज मला तरी नेहमी तिथेच आला.

अंगोला आणि मोझांबिकची जोडी मुद्दाम एकत्र वाच. दोन्ही पोर्तुगीजांच्या जुन्या वसाहती, दोन्हीकडे वर्षानुवर्षांची यादवी. अंगोलाचा करार १९९१चा. देश महाराष्ट्राच्या चौपट, आणि संयुक्त राष्ट्रांनी पाठवले साधारण साडेतीनशे लष्करी निरीक्षक. दोन्ही फौजा पुरत्या मोडल्याही नव्हत्या, तरी सप्टेंबर १९९२ला निवडणूक उरकली. बंडखोरांचे नेते साविंबी हरले, निकाल मानला नाही, आणि युद्ध पुन्हा पेटलं ते २००२ मध्ये ते मारले जाईपर्यंत धुमसत राहिलं.

मोझांबिकचा करार रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ला झाला, अंगोला पुन्हा पेटत होता त्याच सुमारास. त्यामुळे सगळे शहाणे झाले होते. फौजा आधी मोडायच्या, मतपेट्या नंतर. निवडणूक वर्षभर पुढे ढकलून ऑक्टोबर १९९४ला घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मोहिमेचे प्रमुख आल्दो आजेल्लो यांनी आणखी एक काम केलं, ज्यावर तेव्हा पुष्कळ लोक नाकं मुरडत: रेनामो या बंडखोर संघटनेला पक्ष म्हणून उभं राहता यावं म्हणून खास निधी उभारला. बंडखोरांना पैसे? हो. ऑफिस, गाडी, टेलिफोन मिळाला की माणसाला जंगलात परतणं महाग वाटायला लागतं. माझ्या मते त्या मोहिमेतला हा सगळ्यात शहाणा खर्च होता.

मी तिथे आपल्या रसद तुकडीबरोबर होतो. नोंदणीचं टेबल म्हणजे लाकडी फळी, वर एक जाड वही, बाजूला तराजू. एक पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, गंजलेली रायफल घेऊन आला. तिचा बोल्टच जागेवर नव्हता. चांगली बंदूक कुठे पुरली असणार हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळत होतं. त्याने आम्हाला बंदुकीबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे की मक्याचं बियाणं पावसाआधी मिळेल का. घरी पाठवताना प्रत्येकाला कपडे, बियाणं, अवजारं आणि पुढचे कित्येक महिने थोडे थोडे पैसे द्यायचे ठरलं होतं. तरी १९९४च्या मध्यावर वाट बघून बघून कंटाळलेल्या सैनिकांनी छावण्यांमध्ये दंगे केले, दोन्ही बाजूंच्या.

लायबेरियात तर डिसेंबर २००३ मध्ये शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली न झाली तोच, पैसे आत्ताच द्या म्हणून मन्रोव्हियात गोळ्या झडल्या आणि सगळं काम पुढच्या एप्रिलपर्यंत बंद ठेवावं लागलं. शेवटी नोंदणी झाली लाखावर माणसांची, बंदुका जमा झाल्या अठ्ठावीस हजारांच्या आसपास. आकडेवारीचा तक्ता तुझ्यासमोर कोणी सरकवला की माणसं किती आणि बंदुका किती, हे शेजारी शेजारी मांडून बघ.

अहवालाचं एकच सांगतो. जे तू डोळ्यांनी पाहिलंस ते वेगळं लिही, जे कोणी सांगितलं ते वेगळं, आणि सांगणारा कोणत्या बाजूचा हेही. वरून कोणी 'जरा सौम्य कर' म्हटलं तर वाक्य सौम्य कर, तारीख आणि आकडा हलवू नकोस. आणि कुणाला शब्द देऊ नकोस. संयुक्त राष्ट्रांची पांढरी गाडी दिसली की लोक धान्य, औषध, न्याय, सगळं मागतात. 'बघते' हा शब्दही तिथे वचन ठरतो.

मलकालला आपल्या तुकडीचे पशुवैद्य आहेत. त्यांच्याशी आधी ओळख कर. तिथल्या जमाती, नुएर असोत की दिन्का, गुरं म्हणजे लग्नात मुलीकडच्यांना द्यायचं देज, दंड, अब्रू, सगळं काही. आजारी गाय घेऊन आलेला माणूस कोणत्या वाटेने आला आणि कोणती वाट टाळली, हे डॉक्टरांना तुझ्या ऑफिसच्या आधी कळलेलं असतं. बेंतियूला पुराच्या पाण्यापासून छावण्या वाचवायला पाकिस्तानी इंजिनिअरांनी बांध घातलेत. कधी गेलीस तर त्यांच्याकडे चहा घे. तिकडे हे सगळं फार सहज चालतं.

आपल्या निळ्या टोपीवाल्यांबद्दलही, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांबद्दलही, डोळे उघडे ठेव. हैतीत २०१०ला मोहिमेच्या एका छावणीतलं मैलापाणी नदीत गेलं, कॉलरा पसरला आणि दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. आपल्या लोकांचा त्यात हात होता हे मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं. तेव्हा संडासाची टाकी कुठे रिकामी होते हे विचारायला लाजू नकोस. आणि आपल्यातला कोणी बायाबापड्यांशी वाईट वागला, तर तो भारतीय असला तरी तक्रार त्याच दिवशी लेखी.

पावसाळ्यात तिकडची काळी माती गाडी गिळते. आपल्या माळव्यातल्या शेतातून चिखल तुडवलायस, तेव्हा फार नवल वाटणार नाही. गमबूट मात्र इथूनच ने, तिकडे तुझ्या मापाचे मिळतील याचा भरवसा नाही. जुबा अरबी या तिथल्या बोलीचे दोन-तीनशे शब्द निघण्याआधी पाठ कर, निदान आकडे आणि वार तरी. पहिला अहवाल गोपनीय नसेल तेवढा मला पाठव. लाल शाईची सवय माझी अजून गेलेली नाही.

तुझा,
काका